खोटा खिसा

मास्टरांच्या गळ्यात पिवळी टेप नाही, असं मी कधी पाहिलं नाही. नवे कपडे शिवणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. तरी सकाळी शटर वर गेलं की आधी टेप गळ्यात यायची आणि मग लॅपटॉप उघडायचा. एकदा एक माणूस त्याच्या रोपवाटिकेची वेबसाइट करून घ्यायला आला, तेव्हा मास्टरांनी त्याचा मोबाईल मागितला आणि स्क्रीनची रुंदी खरोखर टेपेने मोजली. "पावणेतीन इंच," असं म्हणून वहीत लिहून घेतलं. तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. मी खाली पाहिलं. हसावं की गंभीर राहावं, हे मला त्या दुकानात सुरुवातीचे बरेच दिवस ठरवता आलं नाही.

दुकान महागावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत होतं, अजूनही आहे. पाटीच्या अर्ध्या भागात कोट-पँटचं जुनं चित्र आहे. उरलेल्या अर्ध्या भागात मास्टरांनी स्वतः ऑइलपेंटने लिहिलं आहे: "मोबाईलवरचं पान करून मिळेल. ट्रायल झाल्याशिवाय देत नाही." वेबसाइट हा शब्द ते वापरत नसत. पानच म्हणत.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं. मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कॉलेजातल्या पुष्कळ गोष्टी मला इतरांपेक्षा उशिरा कळत. प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय करायचं, हेही उशिरा कळलं. मागच्या सत्रात मी नेटवर मिळालेला कोड तसाच दिला होता आणि तोंडी परीक्षेत त्यातली एक ओळसुद्धा समजावून सांगू शकले नव्हते. नापास झाले. बाबा सीझनमध्ये कापसाच्या जिनिंगवर कामाला जातात आणि बाकी दिवस शेतात असतात. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की एकदा झालं तर मी लोकांना सांगू शकतो, दुसऱ्यांदा झालं तर माझ्याजवळ सांगायला काही नाही. म्हणजे या वेळी प्रोजेक्ट राहिला असता, तर वर्ष गेलं असतं आणि बहुतेक पुढचं शिक्षणही.

वर्गातल्या बाकीच्यांना प्रोजेक्ट मिळवून देणारे कुणी ना कुणी नागपूर-पुण्याला होते. माझं कुणी नव्हतं. आमच्या सरांनीच सुचवलं की बसस्टँडमागे ते टेलर मास्टर आहेत ना, त्यांच्याकडे जा, खरं गिऱ्हाईक तरी मिळेल. वर्ग हसला. वेबसाइटचे तयार सेक्शन ओढून लावायचे आणि त्यातले शब्द बदलायचे, याला आमच्याकडे कुणी काम समजत नव्हतं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाहेरचे परीक्षक विचारणार, यात तुझं स्वतःचं काय? त्याचं उत्तर तयार ठेव." मी महिनाभर ते शोधत होते.

मास्टर या धंद्यात पुतण्यामुळे आले. पुतण्या दुकानाच्या एका कोपऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा आणि अधूनमधून पानं बनवायचा. त्याला नागपूरला नोकरी लागली, तेव्हा लॅपटॉप, एक प्रिंटर आणि अर्धवट राहिलेली तीन पानं मागे उरली. ती तीन गिऱ्हाइकं रोज येऊन मास्टरांना विचारायची. मास्टर महिनाभर नुसते समोर बसून ते एडिटर पाहत राहिले आणि मग त्यांनी हात लावला. मी त्यांना विचारलं होतं की भीती नाही वाटली का. ते म्हणाले की सुईत दोरा जात नाही आता, डोळे गेले, पण हे तर मोठं करून पाहता येते. सुई मोठी करता आली असती तर मी लॅपटॉपकडे पाहिलंही नसतं.

ज्यांनी असं एडिटर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्क्रीनच्या एका बाजूला तयार सेक्शनची यादी असते, प्रत्येकाचं छोटं चित्र दिसतं. वरचा मोठा फोटो, आमच्या सेवा, आमची टीम, पुरस्कार, लोक काय म्हणतात, संपर्क. हवा तो सेक्शन माउसने उचलायचा आणि पानावर सोडायचा. आत फोटो आणि मजकूर नमुन्याचा असतो, तो बदलायचा. मास्टरांनी या सगळ्यांना आपली नावं दिली होती. वरच्या फोटोला कॉलर, सेवांना छाती, संपर्काला बटणपट्टी आणि सगळ्यात खालच्या पट्टीला घेर. "कॉलर मोठी झाली, छाती दबून राह्यली," असं ते म्हणाले की मला आठवड्याभराने कळायला लागलं, काय लहान करायचं ते. रंग ठरवायला ते कापडाच्या चिंध्यांची पिशवी गिऱ्हाइकासमोर पालथी करत. माणसं स्क्रीनवरचे रंग पाहून गोंधळतात, पण चिंधी बोटांत धरली की लगेच सांगतात, हा घ्या. तीच चिंधी मास्टर स्क्रीनला लावून तिच्या जवळचा रंग शोधत बसायचे. कधी कधी अर्धा तास.

"रेडिमेडनं माहा धंदा खाल्ला, आन आता रेडिमेडच मले पोसून राह्यलं," असं ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले. "पन एक ध्यानात ठेव बेटा. रेडिमेड सगळ्यायच्या नापाचं असते, म्हून ते कोनाच्याच नापाचं नसते. आपन अल्टर करनारे."

अल्टरचं काम अजून येत होतं. पँटची उंची, बाह्या, कंबर. एक दिवस एक रेडिमेड कोट आला होता, तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, खिशात हात घाल. मी घातला. हात गेलाच नाही. वरून झाकण होतं, शिवण होती, पण आत पिशवीच नव्हती. मास्टर ब्लेड काढून ते झाकण उसवायला लागले. कोटवाल्याने ते सांगितलं नव्हतं. त्याला फक्त बाह्या लहान करून हव्या होत्या. पण खोटा खिसा दिसला की मास्टरांना राहवत नसे. एक तर ते आतून पिशवी लावून तो खरा करून द्यायचे, नाही तर काढून टाकायचे. त्यावरून त्यांची भांडणं व्हायची. त्या दिवशी कोटवाला आला आणि चिडला, शोभेसाठी असते ते, कायले काढलं म्हणाला. मास्टरांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "थंडी वाजली तर हात शोभेत ठेवतू का?"

नमुन्याच्या मजकुराचाही त्यांना फार राग. कुठल्या तरी परक्या भाषेतल्या त्या ओळी गिऱ्हाइकाच्या पानावर एक क्षणही राहू देत नसत. तिथे ते स्वतःचे तीन शब्द टाकत: "इथं कापड नाही." म्हणजे अजून मजकूर यायचा आहे. यावरून एकदा घोळ झाला होता, तो मी तिथे जायच्या आधीचा. एका मंगल कार्यालयाचं पान घाईत सुरू झालं आणि "आमच्याविषयी"खाली हे तीन शब्द दोन दिवस राहिले. लग्नघरची माणसं फोन करून विचारायला लागली की मांडवाचं कापड आपलं आणायचं का. कार्यालयवाले भांडायला आले. मास्टर त्यांना म्हणाले की खोटं काय लिहिलं होतं, सांगा. ते हा किस्सा सांगताना अजिबात हसायचे नाहीत, म्हणून ऐकणाऱ्याला जास्त हसू यायचं.

आणि ट्रायल. पान झालं की ते लॅपटॉपवर पाहून देत नसत. स्वतःचा तडा गेलेला मोबाईल घेऊन बसस्टँडवर जायचे. भर उन्हात, जिथे स्क्रीनवर काही दिसत नाही. उमरखेडच्या किंवा पुसदच्या बसची वाट पाहणाऱ्या कुणालाही तो मोबाईल द्यायचा, यातला फोन नंबर शोधून दाखवा म्हणायचं आणि मनात आकडे मोजायचे. दहाच्या आत सापडला तर पान पास. नाही सापडला तर परत दुकानात. एका आजोबांना तो शोधता शोधता ढाणकीची बस चुकली. मास्टरांनी त्यांना चहा पाजला, पुढची बस येईपर्यंत सोबत बसले आणि तेवढ्या वेळात त्यांच्याकडून समजून घेतलं की नंबर का सापडला नाही. आजोबांनी सांगितलं, निळ्यावर निळं लिहून ठेवलं, कोनाले दिसन? रंग बदलला. मी तेव्हा दुकानात नवी होते. मला हे सगळं वेडेपण वाटायचं. परीक्षकांना मी काय सांगू? मोजमाप टेपेने केलं आणि परीक्षा बसस्टँडवर झाली?

माझ्या प्रोजेक्टसाठी त्यांनी मला पंपवाले भाऊ दिले. हे भाऊ फवारणीचे पंप दुरुस्त करतात, हाताचे आणि बॅटरीचे दोन्ही. एकटे माणूस, एक टपरी. त्यांना पान हवं होतं, कारण सीझनमध्ये लोक पंप खांद्यावर घेऊन येतात आणि टपरी बंद दिसली की परत जातात. उघडी आहे की नाही हे घरूनच कळलं, तर बरं.

मी अकरा सेक्शन लावले. एकही जागा रिकामी ठेवली नाही. हे मी का केलं ते मला नंतर समजलं, तेव्हा समजलं नव्हतं. मी लहानपणापासून घरातले सगळे अर्ज भरत आले आहे. शिष्यवृत्तीचा, उत्पन्नाच्या दाखल्याचा, पीक विम्याचा. प्रत्येकाच्या खाली लिहिलेलं असतं की अपूर्ण अर्ज स्वीकारला जाणार नाही. एकदा एका रकान्यात "लागू नाही" लिहायचं राहिलं, तेवढ्यासाठी अर्ज परत आला आणि बाबांचा कामाचा दिवस बुडाला. त्यामुळे रिकामा चौकोन दिसला की माझा हात आपोआप तो भरायला जातो. टीमच्या सेक्शनमध्ये चार गोल फोटोंची जागा होती. मी पंपवाल्या भाऊंचा लावला, वहिनींचा लावला, त्यांच्या मेव्हण्याचा लावला, आणि चौथ्या गोलात परत भाऊंचाच, टोपी घातलेला. पुरस्कारांच्या सेक्शनसाठी काही आहे का विचारलं, तर भाऊंनी मुलीचं रांगोळी स्पर्धेचं प्रमाणपत्र आणून दिलं. तेही मी लावलं.

मास्टरांनी चष्मा लावून ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "पंपात रांगोळी भरते का हा?"

मी म्हटलं, जागा होती मास्टर, रिकामी कशी ठेवू.

तो सेक्शन त्यांनी निवडला आणि डिलीटचं बटण माझ्याकडून दाबून घेतलं. खालचा सेक्शन वर सरकला. पान तसंच राहिलं, काही पडलं नाही, कुणी परत पाठवलं नाही. मला ते पाहून खरंच आश्चर्य वाटलं. मग टीम गेली. हजारो समाधानी ग्राहक सांगणारे, आपोआप वर चढणारे आकडे गेले. अकराचे सहा राहिले. सहांत "लोक काय म्हणतात" होता, कारण मास्टरांच्या मते पंप कुणाकडे द्यायचा हे माणूस दुसऱ्या माणसाला विचारूनच ठरवतो. पण त्यांची अट होती. बोल खरे पाहिजेत, आणि नावाखाली ज्याचे बोल त्याचा नंबर पाहिजे, त्याला विचारून. नंबर नसला तर तो दुकानातला पुतळा झाला, म्हणाले.

म्हणून मी सांगणारी माणसं शोधायला निघाले. हे काम किती अवघड होतं ते सांगता येत नाही. आपल्याकडे माणसं तोंडभर कौतुक करत नाहीत. एक ताई भेटल्या, स्वतः शेत पाहतात. त्या म्हणाल्या, पंप चांगला केला, पण दोन दिवस म्हणून चार दिवस लावले. फुलसावंगीचे एक काका म्हणाले, काम पक्कं, बोलणं कमी, टपरीवर बसायला जागा नाही. मी हे लिहून आणलं आणि मास्टरांना विचारलं की तक्रारीचा भाग काढू ना. ते म्हणाले, कॉमाही काढू नको. पंपवाल्या भाऊंनी वाचलं आणि म्हणाले, चार दिवस लागले व्हते, खरं हाय.

दोन झाले. पण त्या तयार सेक्शनमध्ये चौकोन तीन होते.

तिसरं माणूस मिळेना. पाऊस सुरू होता, सगळे शेतात. परीक्षा दोन दिवसांवर आली. शेवटी मी दुकानात एकटी असताना तिसरा चौकोन स्वतः भरला. एका शेतकऱ्याचं नाव तयार केलं. गाव लिहिलं बाभुळगाव, लांबचं, म्हणजे इकडचं कुणी ओळखणार नाही. खाली लिहिलं: "उत्कृष्ट, तत्पर आणि विश्वासू सेवा. सर्वांनी एकदा अवश्य भेट द्यावी." नंबर हवा होता. कुणाचा देणार? मी बाबांचा दिला. घरी गेल्यावर त्यांना सांगीन, असं ठरवलं. कुणाचा फोन आला तर हो म्हणा. पण घरी गेले तेव्हा बाबा जेवत होते. मी समोर बसले, ताटाकडे पाहिलं आणि सांगू शकले नाही. माझ्या वडिलांना मी खोटं बोला असं कसं म्हणणार? आणि आमच्याकडे पंप नव्हताच, फवारणीला आम्ही दुसऱ्याचा आणतो.

दुसऱ्या दिवशी ट्रायल झाली. मास्टरांनी संपूर्ण पान मोठ्याने वाचलं, ते नेहमी वाचत. तिसऱ्या चौकोनापाशी थांबले. परत वाचलं.

"हा मानूस बाभुळगावचा?"

मी हो म्हटलं.

"पंप घेऊन लई दूरून आला."

मी प्रिंटरमधले कागद सरळ करत राहिले. ते एवढंच बोलले, बसस्टँडवर गेले, परत येऊन म्हणाले की नंबर सापडला, आठ आकड्यांत. मी बस पकडून घरी आले. पान बदलायचं तर मास्टरांच्या लॅपटॉपवरच बदलता आलं असतं, आणि त्यासाठी त्यांना कारण सांगावं लागलं असतं. मला ते धाडस झालं नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते शांत, वयस्क गृहस्थ होते. शांत माणसांची मला जास्त भीती वाटते. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी पान उघडलं. ते पाहत असताना मी सांगून टाकलं की सेक्शन तयार आहेत, कोड मी लिहिलेला नाही. मागच्या वेळी लपवलं होतं, म्हणून या वेळी आधीच सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो सरांनी सांगून ठेवला होता. मग यात तुमचं काय?

मी म्हटलं, "सर, मी काढलं."

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं, जमेल तसं, अडखळत. अकरा होते, सहा ठेवले. टीम काढली कारण माणूस एकटा आहे. पुरस्कार काढले कारण पुरस्कार नाहीत. टपरी उघडी की बंद हे सगळ्यात वर आणलं, कारण लोक पंप खांद्यावर घेऊन येतात. बसस्टँडचंही सांगितलं. आमचे सर मागे उभे होते, त्यांनी कपाळावर हात ठेवलेला मला दिसला. परीक्षक मात्र खुर्ची पुढे ओढून बसले.

"आणि हे लोक? खरे आहेत?"

मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मला वाटलं वेळ पाहतायत. ते स्क्रीनवर पाहून ताईंचा नंबर लावत होते.

ताईंनी फोन उचलला. स्पीकरवरचा आवाज सगळ्या लॅबमध्ये ऐकू आला. "हो, त्यानंच केला पंप. चांगला चालून राह्यला. पन दोन दिवस म्हने, चार लावले. तुम्ही कोन? तुमचा बी पंप बिघडला का?" परीक्षकांनी नाही म्हणून सांगितलं, धन्यवाद म्हटलं, आणि फोन ठेवताना ते किंचित हसले. मग पान थोडं खाली सरकवलं. "आता शेवटच्या यांना लावू."

मला त्या वेळचं फक्त एवढं आठवतं की मी टेबलाची कड धरली होती. बाबा त्या वेळी शेतात असणार. ते फोन उचलणार, हॅलो कोण म्हणणार, आणि पंपाचं विचारलं की खरं ते सांगणार. त्यांना दुसरं काही येतच नाही.

"फुलसावंगी," परीक्षक वाचत म्हणाले. "काम पक्कं, बोलणं कमी."

मी डोळे उघडून पाहिलं. चौकोन दोनच होते. दोन्ही थोडे रुंद झाले होते आणि मधोमध बसले होते. जणू तो सेक्शन मुळात दोघांसाठीच केलेला असावा. बाभुळगाव नव्हतं. तो माणूस कुठेच नव्हता.

काकांनी फोन उचलला की नाही, ते काय बोलले, मला आठवत नाही. मी पास झाले. परीक्षकांनी शेऱ्यात काय लिहिलं ते सरांनी नंतर दाखवलं, त्यात "प्रामाणिक काम" असे शब्द होते. ते वाचून मला आनंद झाला, पण बरंही वाटलं नाही. तिसऱ्या चौकोनाचं मी परीक्षकांना सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

बाहेर येऊन बाबांना फोन केला. पास झाल्याचं सांगितलं. ते खाकरून म्हणाले की मी सगळ्यायले सांगतो. आणि मग आठवल्यासारखं म्हणाले, "अवं, सकाळी एका मास्टरचा फोन आलता. तुमचा पंप कसा चालते म्हने. मी म्हनलं, आमच्याकडं पंपच नाही, राँग नंबर असन. तर म्हनते कसा, बरं झालं. मंग कापसाची पऱ्हाटी कशी हाय विचारलं आन ठेवला. कोन व्हता गं?"

मी दुकानात गेले. मास्टर एक पँट खालून दुमडत होते. मी पास झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, बस. चहा मागवला. चहा येईपर्यंत ते मान खाली घालून टाके घालत राहिले. मग मी विचारलं की तुम्हाला कसं कळलं. मला वाटलं ते गावाच्या अंतराचं सांगतील किंवा फोनचं.

ते म्हणाले, "फोन तं मंग केला. पहिलेच समजलं व्हतं. त्या मानसाच्या बोलन्यात एकबी तक्रार नव्हती. असा मानूस आपल्याकडं नसते, बेटा."

मी रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं. मास्टरांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले की तीन घरं होती म्हून तीन मानसं पाहिजे, असं ज्यानं पान बनवलं त्यानं कुठं लिहून ठेवलं होतं का? नाही ना. मग कायले घाबरली? ते मला कधी मोठ्याने बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पंपवाल्या भाऊंच्या टपरीवर पाठवलं आणि काय झालं ते माझ्या तोंडून त्यांना सांगायला लावलं. भाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, तरीच मी म्हनलं, बाभुळगावचा पंप माह्याकडं आला कधी.

आता मी यवतमाळला एमसीए करते. या वर्षी प्रत्येकाने स्वतःचं पान बनवायचं आहे, कंपन्यांना दाखवायला. मी तसंच एक एडिटर उघडलं. पुरस्कार, टीम, आकडे, हे सेक्शन मी घेतलेच नाहीत, तरी पान उभं राहिलं. "लोक काय म्हणतात" घेतला. त्यात चौकोन तीन होते, मी दोन काढले. उरलेल्या एकासाठी रविवारी महागावला गेले.

मास्टरांच्या गळ्यात टेप होती. मी म्हटलं, माझ्याबद्दल दोन ओळी सांगा, खाली तुमचा नंबर टाकते. त्यांनी मशीनवरचा पाय काढला आणि बराच वेळ विचार केला. मला वाटलं चांगलं काही तरी शोधतायत. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं, कॉमाही न बदलता: "पोरगी कामाची हाय. खोटा खिसा एकदा लावला व्हता, मंग नाही लावला. बोलाले लई वेळ लावते."

मैत्रिणी म्हणाल्या, असं कुणी टाकतं का. मी टाकलं. पान सुरू झालं आणि त्याची लिंक मास्टरांना पाठवली. तासाभराने त्यांचा फोन आला. मागे बसचा हॉर्न वाजत होता आणि कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता.

"सापडला तुहा नंबर," ते म्हणाले. "सात आकड्यांत." आणि फोन ठेवला.